श्रद्धांजलीचे काळे फोटो आणि ‘शंभर टक्के’ची सवय

प्रति,
मा. संपादक साहेब,
सोलापूर

विषय: छोट्या जाहिरातींतले फोटो काळे येतात त्याबद्दल

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलंय की कॉम्प्युटर आल्यापासून फोटो खोटे झालेत, श्रद्धांजलीच्या पानावर तर गेलेला माणूस ओळखूच येत नाही, त्यापेक्षा जुना स्टुडिओवाला बरा होता. वाचून आधी डोकंच फिरलं, कारण माझं पोट त्याच्यावरच चालतंय, अशोक चौकाच्या अलीकडं फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशनचं दुकान आहे माझं. पण रात्री शटर ओढताना वाटलं की काका निम्मे बरोबर आहेत. माणूस खरंच ओळखू येत नाही. फक्त दोष कॉम्प्युटरचा नाही, त्यात ओपॅसिटीची, म्हणजे बदल किती टक्के घ्यायचा त्याची, एक पट्टी असते ती आम्ही लोक डोळे झाकून १०० वर ठेवतो, त्या सवयीचा आहे, आणि त्या ‘आम्ही लोकां’त मी पहिला. पत्र लांबलंय, कात्री लावा पाहिजे तर, पण आकडे तेवढे राहू द्या.

गेल्या वर्षी एक अक्का आल्या दुकानात, विड्या वळतात, टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम हातात. म्हणाल्या, “अण्णा, आमच्या अप्पांचा हा एकच फोटो हाय, परवा दहावा हाय, पेपरात द्यायचाय.” अप्पा जुन्या मिलमध्ये होते. फोटो स्टुडिओतला, मागं रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि नारळाची झाडं, बाजूच्या उंच स्टुलावर प्लास्टिकची फुलं, आणि अप्पा असे ताठ बसलेत की श्वास पण घेतला नसंल. सगळा फोटो चहाच्या रंगाचा झालेला, खांद्यावर बुरशी, आणि एका बाजूचा गाल काचेला चिकटलेला. (असा फोटो घरी कुणी ओढून काढू नका हो, गाल काचेवर राहतो आणि फोटोत नुसता पांढरा कागद. काचेसकट स्कॅन करायचा.)

मी काचेसकट ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केला, बुरशी साफ केली, आणि मग सगळे दुकानवाले करतात तेच केलं. उडालेल्या फोटोला दम आणायचा तर त्याच लेयरची, म्हणजे थराची, कॉपी करून वर ठेवायची आणि मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळायची रीत, करायचा मल्टिप्लाय. एका क्लिकमध्ये केस काळे, डोळे काळे, सदऱ्याची घडी न् घडी दिसायला लागली. अक्का स्क्रीनकडं बघून रडायलाच लागल्या, म्हणाल्या, “अप्पाच बसलेत की हो.” मी खूष. जेपीजी केली, पाठवून दिली.

दहाव्याच्या दिवशी सकाळी पेपर आला. अप्पांच्या जागी एक काळा ठिपका, त्यात दोन पांढरे डाग, एक टोपी आणि एक सदरा. अक्का दुपारी आल्या, भांडल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, “लोक विचारालेत, हे कोण म्हणून.”

मी आधी तुमच्यावर घातलं, पेपरवाल्यांची शाई वाईट म्हणून. मग बसून हिशेब केला तेव्हा कळलं घाण मीच केली होती.

हिशेब सोपा आहे, सातवीतल्या पोराला पण जमेल. कॉम्प्युटरला फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा, ० म्हणजे ठार काळं, २५५ म्हणजे पांढरंशुभ्र. मल्टिप्लाय म्हणजे नावाप्रमाणं गुणाकार, वरचा आकडा गुणिले खालचा आणि त्याला २५५ नं भागायचं. पांढऱ्यानं गुणलं तर काही बदलत नाही, बाकी कशानंही गुणलं तरी गडदच होणार. दोन स्लाइड एकावर एक ठेवून उजेडाला धरल्या की कसं दिसतंय, तसं. आता अप्पांच्या चेहऱ्याचा मधला टोन होता १३० च्या आसपास. १३० गुणिले १३० भागिले २५५, आले ६६. म्हणजे चेहऱ्यावरचा उजेड एका क्लिकमध्ये निम्मा. स्क्रीनवर ते चालून गेलं कारण स्क्रीनला मागून स्वतःचा उजेड असतो. कागदाला कुठला?

आणि इथं मला जी गोष्ट इतकी वर्षं धंदा करून माहीत नव्हती ती कळली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपॅसिटी असते, तुमच्या छापखान्यात नसते. मशीनमध्ये काळी शाई एकच, ती लागली तर पूर्ण लागते नाहीतर लागतच नाही, अर्धी काळी अशी शाई नसते. करडा रंग दाखवायचा तर काळे ठिपके बारीक-मोठे करायचे आणि मधला कागद आपल्या डोळ्यानं त्यात मिसळून घ्यायचा. फोटोशॉपमध्ये डिझॉल्व्ह नावाचा एक मोड आहे, कुणी वापरत नाही तो, त्याला ओपॅसिटी ५० केली की वरचा थर अर्धवट पारदर्शक होत नाही, निम्मे ठिपके पूर्ण दिसतात आणि निम्मे गायब. आमच्याकडं चादरीच्या मागावर लाल ताणा आणि पांढरा बाणा घातला की लांबून गुलाबी दिसतंय आणि जवळ गेलं की लाल वेगळा, पांढरा वेगळा. तसलाच प्रकार. पेपर म्हणजे विणलेलाच माल म्हणा.

त्यात पेपरचा कागद शाई पितो. ठिपका टाकला एवढा, पसरून झाला तेवढा. छपाईतले लोक त्याला डॉट गेन म्हणतात आणि वर्तमानपत्राच्या कागदावर मधल्या टोनमध्ये तो साधारण २६ ते ३० टक्के धरतात. म्हणजे फाइलमध्ये ५० टक्क्याचा करडा पाठवला की कागदावर ७६ ते ८० टक्के दिसणार. अप्पांचा चेहरा मी हातच लावला नसता तरी ४९-५० टक्के शाईचा होता, म्हणजे छापून ७५ च्या वर गेला असताच. वर मी मल्टिप्लाय मारून तो ७४ टक्के करून पाठवला, तो ९० च्या पुढं गेला असंल. मग काय दिसणार, कप्पाळ? ढोबळ हिशेब आहे हा, तुमच्या प्रेसमधले लोक जास्त नीट सांगतील, पण दिशा हीच.

आता ओपॅसिटीकडं येतो, कारण खरी भानगड तिथं आहे. लोकांना वाटतं ओपॅसिटी म्हणजे पुसट करणं. तसं नाही. मोडनं जो बदल केला तो किती घ्यायचा, ते ती पट्टी ठरवते. मूळ आकडा १३०, मल्टिप्लायनं केला ६६, फरक ६४ चा. ओपॅसिटी ५० ठेवली तर त्यातला निम्मा फरक घेतला, ९८ आले. २५ ठेवली तर ११४. एवढंच. म्हणजे मोड सांगतो कुठल्या गावाला जायचंय आणि ओपॅसिटी सांगते कुठल्या थांब्यावर उतरायचं. आमच्याकडं सगळे शेवटच्या थांब्यावरच उतरतात कारण सॉफ्टवेअर उघडलं की पट्टी १०० वरच असते आणि तिला हात लावायचा असतो हे कुणी शिकवलेलंच नाही. कीबोर्डवर मूव्ह टूल घेऊन ४ दाबलं की ४० होते, ७ दाबलं की ७०, शून्य दाबलं की परत १००. एक बटण. ते पण कुणी दाबत नाही.

काकांनी जुन्या स्टुडिओवाल्याची आठवण काढलीय म्हणून सांगतो. मी नवी पेठेतल्या एका स्टुडिओत डार्करूम शिकलो, आता तो स्टुडिओ नाही. आमचे उस्ताद एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचं यंत्र) कागद ठेवायचे, आणि तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर धरून हलवत राहायचे, म्हणजे तेवढ्या जागी उजेड कमी पडून कागद कमी काळा होतो आणि चेहरा उजळ येतो. तोंडानं आकडे मोजायचे. कागदाला बारा मोजायचे असले तर चकती तीनच मोजेपर्यंत धरायचे आणि काढून घ्यायचे. मी एकदा विचारलं, “उस्ताद, अजून धरली तर अजून गोरा येईल की.” त्यांनी लाल दिव्यात माझ्याकडं नुसतं बघितलं. त्या चकतीच्या कामाला डॉज म्हणायचे आणि उलट्या कामाला बर्न. फोटोशॉपमध्ये आज कलर डॉज, कलर बर्न जी नावं दिसतात ती त्याच अंधाऱ्या खोलीतून आलीत. तेव्हा काका, जुना स्टुडिओवाला पण फोटोत हात घालायचाच, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पण काढायचा. फरक एवढाच की तो तीन मोजून थांबायचा.

कॉम्प्युटरमध्ये हे सगळं फार जुनं नाही पण कालचं पण नाही. अर्धपारदर्शक थर एकावर एक कसे बसवायचे त्याचं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या दोघांनी १९८४ मध्ये मांडलं, सिनेमाच्या कामासाठी. फोटोशॉप १९९० ला बाजारात आलं आणि त्यात लेयर आले १९९४ ला, तिसऱ्या व्हर्जनमध्ये. आज त्यात २७ मोड आहेत. माझ्या शेजारच्याकडं अजून २००२ चं सात नंबरचं व्हर्जन चालतंय आणि त्याचं काही अडत नाही, कारण रोजच्या धंद्याला पाच-सहा मोडच लागतात, बाकीचे पोरं दिवाळीच्या फ्लेक्सला वापरतात. पैसे द्यायचे नसले तर जिंप फुकट आहे, ब्राउझरमध्ये फोटोपी चालतंय, तिथं पण हेच मोड, हीच पट्टी. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये डबल एक्स्पोजर म्हणून आहे त्यात पण थोडे मोड मिळतात.

तर अप्पांच्या प्रकरणानंतर मी ठरवलं की अंदाज बास, छापूनच बघायचं. तुमच्याच पेपरात दुकानाची दोन कॉलमची जाहिरात दिली आणि त्यात माझ्या स्वतःच्या थोबाडाचे चार फोटो शेजारी शेजारी लावले. पहिला जसाच्या तसा. दुसऱ्यावर त्याचीच कॉपी स्क्रीन मोडमध्ये, ओपॅसिटी २०. तिसऱ्याला ४०. चौथ्याला ६०. स्क्रीन म्हणजे मल्टिप्लायच्या उलटं, एका भिंतीवर दोन प्रोजेक्टर मारल्यासारखं, काळ्यानं काही होत नाही आणि बाकी कशानंही उजळच होतंय. १३० चे पूर्ण स्क्रीननं १९४ होतात, ४० टक्के घेतलं तर १५६. तुमच्या जाहिरात काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काका चारही सेमच आहेत, एकच टाका की, पैसे वाचतील. मी म्हणलं असू दे. छापून आल्यावर दोन फोन आले, एकानं विचारलं तुम्ही चौघं भाऊ का, आणि दुसऱ्यानं विचारलं यातला मोठा कोण.

निकाल सांगतो. पहिला काळा, अप्पांइतका नाही पण भुवया आणि डोळे एकच झालेले. २० चा बरा पण अजून दाबलेला. ४० चा म्हणजे मी, आरशात दिसतो तसा. ६० चा चेहरा चांगला आला पण पांढऱ्या शर्टची कॉलर कागदात मिसळून गेली, गळ्याखाली माणूसच नाही. म्हणजे ४० हा आकडा माझ्या रंगाला, त्या फोटोला आणि तुमच्या कागदाला. दुसऱ्या फोटोला ३० लागंल, एखाद्याला ५०. पांढरी टोपी असली तर मास्क (थराचा हवा तेवढाच भाग झाकायची सोय) घेऊन टोपीवरनं स्क्रीन मोडचा थर पुसून टाकायचा. हे पुस्तकात नाही सापडलं मला, दोन कॉलमचे पैसे भरून सापडलं.

आणि उडालेला जुना फोटो असला तर मल्टिप्लाय पण लागतोच, नाहीतर केस करडे राहतात. पण तो २५-३५ टक्के, आणि चेहऱ्यावरनं मास्कनं काढून. आधी मल्टिप्लायनं दम आणायचा मग चेहऱ्याला स्क्रीननं उजेड द्यायचा.

एका गोष्टीचं मात्र काकांशी जमतंय माझं. स्थळाचे फोटो. दर लग्नसराईला कुणीतरी येतंय, पोरगी बाजूला उभी, आणि आई म्हणती, “जरा गोरी करा की.” शहरात असे कमी नाहीत जे स्क्रीन मोडचे दोन-दोन थर शंभर टक्क्यानं मारून देतात, नाकाच्या कडा पण गायब होतात. माझ्याकडं एक पोरगी आली होती, एमएस्सी केलेली, तिचा असाच एका ठिकाणी केलेला फोटो आईनं दाखवला आणि म्हणाली असाच पाहिजे. पोरगी म्हणाली, “काका, ही मी नाही, माझी ट्यूबलाइट आहे.” मी आईला स्क्रीनवर पट्टी हलवून दाखवली. शून्यापासून हळूहळू पुढं. १५ ला आई म्हणाली अजून, २० ला म्हणाली अजून, ३५ ला पोरीच्या हनुवटीवरचा तीळ पुसट झाला आणि आईच म्हणाली, “थांबा थांबा, तीळ राहू द्या.” २० वर आलो माघारी. पट्टी दाखवली की लोक स्वतःच थांबतात असा माझा अनुभव आहे, आपण तयार फोटो पुढं ठेवला की मात्र अजून पाहिजे म्हणतात.

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोला रंग भरायचा तर कलर मोड. त्यात खालच्या फोटोचा उजेड-सावली तशीच राहते आणि वरून फक्त रंग येतो. रंग कुठला ते घरचे सांगतात आणि तिथंच भांडण लागतंय, एका आजीच्या इरकलवरनं दोन भाऊ माझ्या दुकानात अर्धा तास भांडले, एक म्हणतोय हिरवी, एक म्हणतोय मोरपंखी, पदर लाल यावर तेवढं एकमत. मी ३० टक्क्यावर असा रंग ठेवला की दोघांनाही आपलंच खरं वाटावं. १२ जानेवारीला आपल्या चार हुतात्म्यांचे फ्लेक्स लागतात, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली माणसं, आणि फ्लेक्सवर बघावं तर गाल गुलाबी, ओठ लाल. कुणीतरी कलर मोड शंभरवर ठेवून ब्रश फिरवलेला असतोय. तेवढं २५ वर आणा रे बाबांनो, हात जोडतो.

सही-शिक्क्याचं तर किती सोपंय. पांढऱ्या कागदावरची सही लेटरवर बसवायची म्हणून पोरं खोडरबर घेऊन तासभर पांढरं पुसत बसतात. मोड मल्टिप्लाय करा, पांढरं आपोआप गेलं, शाई राहिली. इथं मात्र शंभरच ठेवा, सही पुसट कशाला पाहिजे. म्हणजे १०० कधीच वापरू नका असं माझं म्हणणं नाही.

गड्ड्याचं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेचं, शोभेचं दारूकाम, ते पण सांगतो, कारण ते तुमच्या कामाचं आहे. होम मैदानावर ट्रायपॉड लावून मी सात फोटो काढले, प्रत्येकात एखाद-दुसरी आतषबाजी. सातही लेयर एकावर एक ठेवले आणि मोड स्क्रीन केला तर आकाश राखाडी झालं, कारण धुराचा आणि गावातल्या लाइटचा थोडा थोडा उजेड सातदा वाढत गेला. लायटन केला तर झकास. लायटन बेरीज करत नाही, प्रत्येक ठिपक्याला जो उजळ असंल तो ठेवतो आणि बाकी सोडून देतो, म्हणून काळं आकाश काळंच राहतंय आणि सगळी आतषबाजी एकत्र येती. फोटो असा आला की दुकानात लावलाय, लोक विचारतात पेपरात दिला का नाही. नाही दिला. कारण त्या क्षणाला आकाशात सात बार एकदम नव्हतेच, बातमीच्या पानावर तसा फोटो गेला तर ती थाप झाली. भिंतीवर चालतंय. उजेड कमी-जास्त करणं वेगळं आणि नसलेलं आणून ठेवणं वेगळं. काकांचा ‘खोटे’ हा शब्द मी इथं मान्य करतो, तिथं नाही.

आता तुमच्याकडं मागणं. तक्रार नाही, काउंटरवरच्या पोराचा काही दोष नाही, त्याला जे मिळतंय ते तो पुढं पाठवतो. पण छोट्या जाहिरातीच्या काउंटरवर एक कागद चिकटवा, मराठीत, मोठ्या अक्षरात, की फोटो व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून बारीक होऊन येतो. आणि चेहरा स्क्रीनवर जेवढा बरा वाटतोय त्यापेक्षा थोडा जास्त उजळ ठेवून द्या, छापताना तो दबणार आहे. आमच्या दुकानदारांसाठी म्हणून अजून एक, लेयरवाली पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) जपून ठेवा, जेपीजीत थर राहत नाहीत, एकदा जेपीजी केली की ओपॅसिटी गोठली, मग ती मागं घ्यायला जमत नाही. अप्पांची पीएसडी मी ठेवली होती, तेवढी एक अक्कल सुचली.

आणि एक जरा मोठं मागणं. एखाद्या दिवशी पानात जागा रिकामी राहते, तिथं तुम्ही आपल्याच पेपरची जाहिरात टाकता. त्या जागेत एकदा दहा चौकोनांची करडी पट्टी छापा. १० टक्के, २० टक्के असं करत १०० पर्यंत, प्रत्येकाखाली आकडा. बाकी एक अक्षर नको. गावातला प्रत्येक फोटोवाला ती कापून मॉनिटरशेजारी चिकटवंल आणि त्याला कळंल की आपला ५० या कागदावर कुठं जाऊन बसतोय. मला चार थोबाडं छापून जे कळलं ते सगळ्यांना फुकटात कळंल. तुमचा खर्च शून्य, आणि ते श्रद्धांजलीचं पान माणसांचं दिसायला लागंल. रंगीत पानाचं गणित अजून वेगळं आहे, तिथं चार शाया एकावर एक बसतात आणि या कागदाला सगळ्या मिळून २४० टक्क्यांच्या आसपासच झेपतात, पण ते परत कधीतरी.

अक्कांच्या अप्पांचं प्रथम पुण्यस्मरण पुढच्या महिन्यात आहे. अक्का परवा आल्या होत्या, म्हणाल्या याच पेपरात द्यायचं, मी म्हणलं पैसे मी भरतो, त्या नको म्हणाल्या, शेवटी निम्मे निम्मे ठरले. जुनीच पीएसडी उघडली, मल्टिप्लाय ३० वर आणला, चेहऱ्यावरनं पुसला, वर स्क्रीन ४०, टोपीला मास्क. मॉनिटरवर अप्पा जरा फिके दिसतात, अक्कांना पण तसंच वाटलं, त्यांना माझी ती चार फोटोंची जाहिरात दाखवली तेव्हा पटलं. फाइल येत्या सोमवारी तुमच्या काउंटरवर येईल. कृपा करून तिथं कुणी “फोटो फिका वाटतोय” म्हणून त्याला परत गडद करू नये.

कळावे,
आपला वाचक आणि छोटा जाहिरातदार,
एक फोटो-झेरॉक्सवाला, अशोक चौक परिसर, सोलापूर